माहेरचा दोष

रविवारी सकाळी अकरा वाजता सगळ्यांनी धायरीला जमायचं, असं रविराजनं गुरुवारीच फोनवर सांगून टाकलं होतं. विचारलं नव्हतं. विजयमालाला त्याचा राग आला नाही. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. रेडिएशन संपून पाच आठवडे झाले होते, पण कर्वेनगरहून भावाच्या घरी गाडीत नुसतं बसून जायचं म्हटलं तरी तिला आदल्या दिवसापासून दमल्यासारखं व्हायचं.

"मी वर येत नाही," तिचा नवरा सुदर्शन गाडी लावता लावता म्हणाला. "मी असलो की तुझा भाऊ जावयाशीच बोलत बसतो. आज त्यानं बहिणीशी बोललेलं बरं."

"आणि तू काय करणार?"

"पेपर आहे. लागलो तर हाक मार."

पूर्वी जिथं ज्वारीचं रान होतं तिथं आता रविराजचे पाण्याचे तीन टँकर उभे होते आणि त्यांच्या मागं त्याचं तीन मजली घर. विजयमाला पहिल्या मजल्याच्या वळणावर पायरीवरच टेकली. पर्समध्ये दोन रिपोर्ट होते. एक तिचा स्वतःचा. त्याबद्दल घरात सगळ्यांना थोडंथोडं माहीत होतं. दुसरा आईचा, त्याबद्दल या घरात आईशिवाय कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि त्यात काय आलंय हे तर आईलाही नाही.

महिन्यापूर्वी आई, सुंदराबाई, एकटीच बसनं कर्वेनगरला आली होती. शहात्तर वर्षांची बाई, हातात पिशवी, पिशवीत विजूसाठी नाचणीचं पीठ. चहा घेऊन झाल्यावर म्हणाली, "घरातल्यांचं रक्त तपासा म्हणलाय न्हवं डॉक्टर? माझं घे."

"अण्णांना सांगितलंस?"

"कुणालाच सांगू नगं. दोष माझ्यातच निघाला तर मी एकटी ऐकीन. थोरली चंपा माझ्यापायी गेली का, येवढं मला मरायच्या आत कळू दे."

शीर सापडेना म्हणून दोनदा सुई टोचावी लागली. सुंदराबाई भिंतीकडं बघत बसून राहिली होती.

रिपोर्ट शुक्रवारी आला. विजयमालानं तो तीनदा वाचला, मग फोन उचलला आणि परत ठेवला. ही गोष्ट आईला समोर बसून सांगायची होती, दोघींनीच, स्वयंपाकघराचं दार लोटून.

पण वर पोचली तर सगळे हॉलमध्ये बसलेले होते. अण्णा दिवाणावर, हातात काठी. आई खाली भिंतीला टेकून लसूण सोलत. रतनवहिनी दारात. त्यांची लेक शेफाली खुर्चीत पाय वर घेऊन. आणि रविराज उभाच.

"ये विजू. बस. पाणी दे गं हिला," तो म्हणाला आणि पाणी यायच्या आधीच त्यानं सुरुवात केली.

---

रविराजला वाईट माणूस व्हायचं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी चंपाताईला शेवटी दवाखान्यातून घरी आणलं ते त्यानंच, हातांवर उचलून. पस्तिशीची बहीण पोत्यातल्या भुशासारखी हलकी लागली होती. विजूच्या प्रत्येक केमोला तो गेला होता. पण शेफालीला स्थळ बघता बघता तीन वर्षं गेली होती. आता कुठं हडपसरचा पृथ्वीराज शेफालीला आणि घरच्यांनाही पसंत पडला होता आणि साखरपुडा तीन आठवड्यांवर आला होता. रविराजही माणूसच होता. दमला होता.

"माझं एवढंच म्हणणं आहे," तो म्हणाला, "की ही रक्ताची भानगड लग्नापर्यंत थांबव. शेफालीला तू ज्या बाईंचा नंबर दिलास, तिथं ती आत्ता जाणार नाही. लग्न होऊ दे, मग काय तपासायचं ते तपासा."

"ते काउन्सेलिंग आहे, दादा. भानगड नाही."

"पत्रिकेत लिहायचं का मग? मुलगी इंजिनिअर, उंची पाच चार, जीन बिघडलेला?"

"बाबा, मी इथंच बसलेय," शेफाली म्हणाली.

"तुझ्यासाठीच चाललंय."

"हो, पण मला कुणी विचारत नाहीये."

रतनवहिनीनं लेकीकडं बघून डोळे मोठे केले. मग हळूच विजयमालाला म्हणाली, "वन्सं, तुमचं बरोबर असेल. पण आमचं एकच लेकरू आहे हो. लोक काय काय अर्थ काढतात."

विजयमालानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. जेनेटिक्सवाल्या बाईंनी कागदावर गोल काढून जे समजावलं होतं ते तिनं यांना आधी एकदा सांगितलं होतं. पुन्हा सांगायला बसली. "वहिनी, प्रत्येक पेशीत निरोप पोचवणारी यंत्रणा असते. पेशीत बिघाड झाला की निरोप जातो: थांब, आधी दुरुस्ती कर, मग वाढ. तो निरोप पुढं नेणारा एक जीन आहे, चेक-टू म्हणतात. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. माझी एक प्रत खराब आहे. म्हणजे कॅन्सर होणारच असं नाही. इतर बायकांपेक्षा धोका दोन-अडीच पट. आपल्या घरात दोघींना झाला म्हणून थोडा जास्तच धरायचा. पण माहीत असेल तर लवकर तपासण्या सुरू करता येतात, दरवर्षी. माझी गाठ सुपारीएवढी झाली तेव्हा कळली. चंपाताईची तर विचारूच नका."

दिवाणावरनं काठी आपटल्याचा आवाज आला. अण्णा, म्हणजे सोनबा, ब्याऐंशीचा होता आणि त्याला निम्मंच ऐकू यायचं, पण चंपाचं नाव त्याला बरोबर ऐकू येई.

"त्यात तपासायचं काय?" तो म्हणाला. "हिच्या माहेरचं हाय ते. चंपाच्या तेराव्यालाच बोललो व्हतो मी. पोरी ह्यांच्या वळणावर गेल्या. रवीला काय न्हाई, शेफालीला काय व्हत न्हाई. ती आमच्या रक्ताची हाय."

सुंदराबाईचे हात लसणावर चालूच राहिले. हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते तिच्या कानावरून जात असे. पण त्या तेराव्याला तिचा धाकटा भाऊ नागोराव भरल्या ताटावरून उठून गेला होता आणि परत कधी या घरात आला नव्हता. सोनबा तेवढ्यावर थांबला नव्हता. चार पाहुण्यांत तो हेच बोलत फिरला. वर्षभरात नागोरावच्या शालनची दोन ठरलेली लग्नं मोडली.

"अण्णा, थांबा," विजयमाला म्हणाली. आईला आधी एकटीला सांगायचं होतं. ते आता राहूनच गेलं. तिनं पर्समधून कागद काढला. "आईचं रक्त तपासलंय. परवा रिपोर्ट आला."

लसूण थांबला.

"आईच्यात नाही," ती आईकडं बघत म्हणाली. "आई, ऐकलंस का? तुझ्यात तो दोष नाहीच. दोन्ही प्रती चांगल्या आहेत."

खाली टँकरमध्ये पाणी भरायची मोटर सुरू झाली.

"मग तुझ्यात कुठनं आला?" रविराजनं विचारलं, आणि विचारतानाच त्याला उत्तर कळलं. त्याची नजर दिवाणाकडं गेली.

"बाई म्हणाल्या, मग तो वडिलांकडूनच आलेला असणार. खात्रीसाठी अण्णांचं रक्त मागितलंय. हा दोष पुरुषांकडूनही खाली येतो, दादा. पुरुषाला काही होईलच असं नाही. तो नुसता पुढं जातो."

"कागूद काय बी बोलतो," सोनबा म्हणाला.

"त्यांनी आणखी एक विचारलं," विजयमाला म्हणाली. तिला आता थांबायचं नव्हतं. थांबली तर परत बोलायची ताकद नसती राहिली. "वडिलांच्या बाजूला कुणी बाई लवकर गेली होती का? अण्णा, तुम्हाला बहीण होती ना?"

"मुक्ताई," सुंदराबाई म्हणाली. एवढ्या वेळात ती पहिल्यांदा बोलली. "माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेल्या. तापानं गेल्या म्हणून मला सांगितलं व्हतं."

तिनं मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं. "कशानं गेल्या वो त्या?"

सोनबानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. रविराजला वाटलं, अण्णा ओरडतील. अण्णा ओरडले नाहीत.

"ताप बी व्हता," सोनबा म्हणाला. "छातीला गाठ व्हती. फुटली व्हती. सासरच्यांनी बैलगाडीत घालून आणून सोडली आन् माघारी गेले. तेहतीस वर्षांची. आईनं मागच्या खोलीत ठिवली. वास यायचा म्हणून कुणाला आत जाऊ द्यायची न्हाय. मी जायचो."

"आन् मला…"

"आई म्हणली, हे भायेर कळलं तर तुला पोरगी कोण देईल? शपथ घातली. तुझ्या बापानं इचारलं व्हतं मला, समोर बसवून. घरात काय आजारपण? मी न्हाई म्हणलो."

"ते लग्नाआधी," विजयमाला म्हणाली. "पण चंपाताई गेली तेव्हा? तेव्हा तुम्हाला माहीत होतं, अण्णा. माहीत असून आईला बोललात?"

सोनबानं काठी खाली ठेवली.

रविराज मटकन खुर्चीत बसला. आई नाही, तर अण्णा. अण्णांकडून चंपाताई. विजू. "मग माझ्यात?" त्यानं विचारलं.

"अर्धी शक्यता."

"आणि हिच्यात?"

"तुझ्यात असेल तर पुन्हा अर्धी."

त्यानं शेफालीकडं पाहिलं. ती खुर्चीवरून उठली होती आणि जिन्याकडं निघाली होती.

---

गच्चीवर ऊन होतं. टाकीच्या सावलीत उभं राहून शेफालीनं पृथ्वीराजला फोन लावला. तिला मुक्ताईचं काही वाटायला हवं होतं, किंवा आज्जीचं, पण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: समोर बसवून विचारलं होतं आणि ते नाही म्हणाले होते. गेला आठवडाभर बाबा तिला तेच करायला सांगत होते.

"बोल," पृथ्वीराज म्हणाला. "सूटचं माप देतोय, पटकन बोल."

"पटकन नाही होणार. बाहेर ये."

तिनं सगळं सांगितलं. आत्याचं त्याला माहीत होतं. चंपाआत्याचं नव्हतं. मुक्ताईचं तर तिलाच पंधरा मिनिटांपूर्वी कळलं होतं. जीनचं तिला नीट सांगता आलं नाही. चोवीस-पंचवीस टक्के, अर्ध्याचं अर्धं, असं काहीतरी ती बोलत राहिली.

"ओके," तो म्हणाला. "मग टेस्ट करून टाक ना. रिपोर्ट आला की बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे… बघू. कदाचित निगेटिव्हच येईल. मग आईला सांगायचीसुद्धा गरज नाही."

"पृथ्वी, निगेटिव्ह आला तर मी चालते आणि पॉझिटिव्ह आला तर नाही, असं आहे का?"

"मी असं म्हटलं का?"

"नाही. म्हणूनच विचारतेय. तुझं जे काय असेल ते रिपोर्टच्या आधी सांग. नंतर सांगितलंस तर मला कळणारच नाही की तू मला हो म्हणालास की कागदाला."

"असं एकदम नको ना गं. मला थोडा वेळ दे."

"घे."

फोन ठेवल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. नुसती भूक लागली होती. ती खाली आली तेव्हा बाबा जिन्याच्या दारात उभे होते. त्यांनी ऐकलं असावं.

"सांगितलंस?"

"हो."

तिला वाटलं, आता बोलतील. रविराजनं शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं. "त्या बाईंकडं सोमवारी जागा आहे का बघ," तो म्हणाला. "माझं आधी तपासायला सांग. माझ्यात नसलं तर तुला सुई टोचून घ्यायचीच गरज नाही."

"आणि असलं तर?"

"तर तुझ्या वेळेलाही येतो मी. आणखी काय करणार."

---

हॉलमध्ये रतननं ताटं मांडली होती, पण कुणी पाटावर आलं नव्हतं. सुंदराबाई अजून तिथंच भिंतीशी होती. विजू तिच्याजवळ येऊन, मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली होती. एक इंच वाढलेले केस, लहान पोरीसारखे मऊ. सुंदराबाई त्यावरून हात फिरवत होती.

सगळे आपल्याकडं चोरून बघतायत हे तिला कळत होतं. आता ही रडेल, नाहीतर त्याला बोलेल, असं त्यांना वाटत असावं. तिलाही वाटलं होतं. गेली बावीस वर्षं, दूध तापायला ठेवलं की, भाकरी थापताना, देवापुढं बसलं की ती चंपाला म्हणायची, बाई, मी तुला काय दिलं गं हे. आता म्हणायचं काही उरलं नव्हतं. मोकळं वाटायला हवं होतं. नुसते पाय दुखत होते.

"सुंदरा," सोनबा म्हणाला. तो तिला नावानं हाक मारत नसे. "चुकलं माझं."

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कुणाला कळलं नाही.

"मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली. "नागोरावला फोन लावा."

"आत्ता?"

"आत्ता. चार पाहुण्यांत बोलला व्हता, आता चौघांपुढं बोला."

नंबर विजूकडं होता. भाऊबीजेला ती मामाला चोरून फोन करत असे. तिनं उठून लावला, मोठ्या आवाजावर टाकला आणि अण्णांच्या हातात दिला. सोनबानं फोन तोंडासमोर आडवा धरला, ताटलीसारखा.

"नागोराव, मी धायरीवरनं. सोनबा."

"कोण गेलं?" नागोरावनं विचारलं.

"कुणी न्हाई गेलं." सोनबा थांबत थांबत बोलला. मुक्ताईचं, विजूच्या कागदाचं, सुंदराचं रक्त चोख निघाल्याचं. मधेच त्याचा श्वास पुरेना. कुणी मदतीला आलं नाही. "तुमच्या घरात काय न्हवतं," तो म्हणाला. "आमच्यात व्हतं. मला ठावं व्हतं, नागोराव."

"दाजी," नागोराव म्हणाला, "मी आता एकोणऐंशी… न्हाई, चौऱ्याहत्तरचा हाय. बघा, वय बी ध्यानात ऱ्हात न्हाई. मला सांगून काय करू? माझ्या पोरीला सांगा. नंबर देतो, लिहून घ्या."

रतननं कॅलेंडरची पेन्सिल आणली. सोनबानं स्वतः लिहिला, दहा आकडे, एकेक मोठ्यांदा म्हणत. तेवढ्यात शेफालीचा फोन वाजला, पृथ्वीराजचा. ती खिडकीकडं गेली. "हं… मग आई काय म्हणाल्या?… भांडलास?… आत्ता कुठं आहेस?" असं तिचं हळू आवाजात चाललं होतं. मग ती म्हणाली, "पार्किंगमध्ये बसून काय करणार? इकडं ये. आमच्याकडं पण कुणी जेवलं नाहीये." रतननं एक शब्द न विचारता आणखी एक ताट काढलं.

शालनचा फोन चार-पाच रिंगा होऊन उचलला गेला. मागं कुकरची शिट्टी झाली.

"हॅलो, कोण?"

"मी… सोनबा. धायरीचा. तुझ्या आत्त्याचा मालक."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा "गॅस बारीक कर रे," असं कुणाला तरी म्हणाली. सोनबाचं संपलं तेव्हा पलीकडं भांड्यांचाच आवाज येत होता.

"शालन? हायस का?"

"आहे." आवाज शांत होता, दमलेला. "दोन स्थळं मोडली, मामा. मग बिजवराचं आलं. बाबांनी हो म्हटलं. त्यांची दोन मुलं मी वाढवली. मला वीस वर्षं वाटत होतं की माझ्यातच काहीतरी आहे, म्हणून मी स्वतःचं मूल होऊ दिलं नाही. मुलगी झाली तर तिला नको, म्हणून. आता हे तुम्ही मला सांगताय. मी हे कुणाला सांगू?"

सोनबानं फोन पुढं केला, कुणाकडं असं न बघताच, आणि दिवाणावर आडवा होऊन तोंड भिंतीकडं केलं.

सुंदराबाईनं फोन घेतला. कानाला लावला, उलटा लागला, विजूनं नीट करून दिला.

"शालन, आत्त्या बोलतीय."

"बोल आत्त्या."

बावीस वर्षांचं बोलणं साठलं होतं आणि सुरुवात कुठून करावी ते सुंदराबाईला सुचेना. पलीकडं पुन्हा एक शिट्टी झाली.

"काय शिजतंय?" तिनं विचारलं.

शालननं नाक ओढल्याचा आवाज आला. "मटकी."

"मोड आलेली?"

"हं. कालच बांधून ठेवली होती."

"कांदा घालतीस का खोबरं?"

"दोन्ही," शालन म्हणाली, आणि मग ती सांगायला लागली, आधी कांदा किती लाल करायचा, मग काय, मग काय, आणि सुंदराबाई फोन कानाशी घट्ट धरून, डोळे मिटून, हं, हं, म्हणत राहिली.